केनियाच्या मेडिकल मिशन ट्रिपला नॉन-मेडिकल माणसानं जावं का? पाच वेळा जाऊन आलेल्या नर्सचं उत्तर

सलाम. तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू बी.कॉम., पुण्यात एका सीएकडे अकाउंट्स बघतोस, तुमच्या तरुण संघातून दहा दिवसांची मेडिकल मिशन ट्रिप केनियाला चाललीये, व्हिक्टोरिया लेकच्या काठच्या किसुमू शहराच्या पुढं एका गावात, माणशी दीड लाख खर्च, आणि तू म्हणतोस ताई मी डॉक्टर नाही नर्स नाही, तिथं जाऊन नुसतं मधेमधे करण्यापेक्षा ते दीड लाखच पाठवून दिले तर?

आधी माझं सांगते. मिरजेला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, बारा वर्षं नंदुरबारकडच्या मिशन हॉस्पिटलात काढली, आता पुण्यात आहे. २०१३ पासून पाचदा केनियाला गेलेय, पाचही वेळा त्याच एका हेल्थ सेंटरला. आणि पहिल्या ट्रिपबद्दल प्रामाणिक मत विचारशील तर माझं तिकीट रद्द करून पैसे पाठवले असते तर गावाचं जास्त भलं झालं असतं. त्यामुळं तुझा प्रश्न मला येडपट वगैरे अजिबात वाटला नाही. उलट हा प्रश्न न विचारता जे बॅगा भरतात त्यांची मला जास्त काळजी वाटते.

पहिल्या वर्षी काय झालं ते ऐक. आम्ही सतरा जण, चर्चच्या आवारात मांडव, टेबलं, पाच दिवस कॅम्प, तोबा गर्दी. एक बाई आल्या, साठीच्या असतील, बीपी २०० च्या वर. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन लिहिली, मी तीस गोळ्या मोजून दिल्या, रोज एक म्हणून सांगितलं, त्यांनी हात धरून आभार मानले, मला एकदम भरून आलं. पुढच्या वर्षी परत गेलो तर त्याच बाई रांगेत दुसऱ्या. कमरेच्या कापडाची गाठ सोडून त्यातनं एक चपटी झालेली रिकामी स्ट्रिप काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. म्हणे ही गोळी फार चांगली होती, हीच द्या, मी तुमचीच वाट बघत होते. अकरा महिने! गोळी महिन्याभरात संपली आणि त्या माउलीनं पुढं काहीच घेतलं नाही, कारण परदेशी डॉक्टर परत येणारेत असं तिला कुणीतरी सांगितलेलं. आणि तीच गोळी पाचशे पावलांवरच्या हेल्थ सेंटरात वर्षभर मिळत होती. स्ट्रिप उलटी करून बघितली तर मागं गोव्याचा पत्ता. म्हणजे गोव्यात बनलेली गोळी मी पुण्याहून बॅगेत घालून नेली होती, आणि तिथल्या सेंटरच्या कपाटातला मालही बराचसा मेड इन इंडियाच होता.

ते बघितल्यावर आम्ही मांडव बंद केला. वेगळा कॅम्प नाही, जे काय करायचं ते सेंटरच्या आत, सेंटरच्या रजिस्टरमध्ये, तिथल्या माणसांच्या हाताखाली. आता तुझी टीम कुठल्या पद्धतीनं चाललीये ते मला माहीत नाही, पण जायचं की पैसे पाठवायचे हे माझ्या मते याच्यावर ठरतं, तू मेडिकलवाला आहेस की नाही याच्यावर नाही.

तिथली व्यवस्था समजून घे. केनियात सरकारी हिशोबानं दवाखान्यांच्या लेव्हल असतात, लेव्हल २ म्हणजे डिस्पेन्सरी, लेव्हल ३ म्हणजे हेल्थ सेंटर, साधारण आपल्या पीएचसीसारखं. मिशनची सेंटरंही याच पायऱ्यांत बसतात. आणि तिथं एमबीबीएस डॉक्टर बसलेला असेलच असं नाही, सगळा गाडा ओढतो तो क्लिनिकल ऑफिसर. तीन वर्षांचा डिप्लोमा, वर इंटर्नशिप, आणि तपासणं, औषध लिहिणं, छोटी कामं सगळं तोच करतो. आपल्याकडून गेलेले लोक डिप्लोमा म्हटलं की जरा नाक मुरडतात, मी मुरडलेलं म्हणून सांगते.

तर तिसऱ्या वर्षी एक दीड वर्षांचं बाळ आलं, दोन्ही हातांचे पंजे सुजलेले, फुगलेल्या पुरीसारखे, आणि किंचाळत होतं. आमच्या टीममधला एक तरुण डॉक्टर, हुशार मुलगा, मुंबईच्या मोठ्या कॉलेजचा, तो म्हणाला इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक सुरू करू. क्लिनिकल ऑफिसरनं बाळाचे दोन्ही हात आपल्या तळहातावर घेतले, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पोटाला डावीकडं हात लावला आणि शांतपणे म्हणाला, सिकल सेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. मला नंदुरबारची पोरं आठवली. आपल्याकडं नंदुरबार, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासींमध्ये सिकल सेल आहे आणि तिकडं व्हिक्टोरिया लेकच्या काठानंही भरपूर आहे. दोन्हीकडं मूळ कारण एकच, मलेरिया. ज्याच्यात ते जीन एकाच बाजूनं आलंय तो जीवघेण्या मलेरियातून बराचसा वाचतो, दोन्ही बाजूंनी आलं की हा आजार. नंदुरबारमुळं मलाही चेहरा बघूनच शंका आलेली, पण मुंबईच्या मोठ्या कॉलेजात शिकताना सुजलेले पंजे समोर येतीलच असं नाही. त्या बाळाला वेदनेचं औषध, पाणी, मग टेस्ट, फोलिक अ‍ॅसिड, पेनिसिलिन आणि मलेरियापासून बचावाला प्रोग्वानिल, हा सगळा कोर्स त्या माणसाला तोंडपाठ होता. आमचा डॉक्टर संध्याकाळी वही घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसला, आणि मग ट्रिप संपेपर्यंत रोज बसला. त्या ट्रिपमधली मला आवडलेली गोष्ट विचारशील तर ती.

आता तू. इंजेक्शन, ड्रेसिंग, दात काढणं, बाळंतपण यातलं काहीही करायचं नाही, कुणी कौतुकानं "ट्राय कर" म्हटलं तरी नाही. मी हे एवढं स्पष्ट लिहितेय कारण एका ट्रिपला बरोबर आलेल्या एका टीमनं कॉलेजच्या पोरांना टाके घालायला दिलेले मी डोळ्यांनी बघितलंय. ज्या पोराला पुण्यात कुणी बँडेजला हात लावू देणार नाही त्याला केनियात गरीब माणसाच्या पायावर शिकायला कसं काय चालतं? बाहेरच्या डॉक्टरांनाही तिथल्या मेडिकल कौन्सिलचं तात्पुरतं लायसन्स लागतं, तुमच्या लीडरला विचार काढलंय का. उत्तर गोलगोल आलं तर मग तू पैसेच पाठव, आणि तेही त्या लीडरकडं नको, थेट सेंटरला.

पण तुझ्यासाठी काम आहे, आणि गंमत म्हणजे तुझ्याच लाइनचं आहे. या सेंटरांना प्रत्येक औषधासाठी एक बिन कार्ड असतं, किती आलं, किती गेलं, किती उरलं, एक्स्पायरी कधी. नर्स एकटी, रोज शंभर पेशंट, ती बिचारी कार्ड कधी भरणार? २०१७ ला आमच्याबरोबर एक निवृत्त बँकवाले काका आलेले, नगरचे, त्यांनी पाच दिवस फक्त स्टोअर लावलं. बाहेर सगळे बाळांना उचलून घेतायत आणि काका आत बनियनवर, नाकाला रुमाल, खोकी उतरवतायत. सगळा माल मोजला, कार्डाशी जुळवला, लवकर एक्स्पायर होणारं पुढं, उशिराचं मागं, आणि त्यात सापडलं काय, तर लहान मुलांच्या मलेरियाच्या गोळ्यांची दोन खोकी एका जुन्या टीमनं आणलेल्या व्हिटॅमिनच्या ढिगाऱ्यामागं पडलेली. पुढं नर्स दर महिन्याला संपली संपली म्हणून मागणी टाकत होती आणि माल खोलीतच! काकांनी तिथल्या मुलीला पद्धत शिकवली, स्वतः कार्ड भरलं नाही, तिच्याकडून भरून घेतलं. दोन वर्षांनी गेलो तेव्हा कार्डं चालू होती. मी पाच ट्रिपांमध्ये वाटलेल्या सगळ्या गोळ्या एका बाजूला आणि काकांची ती खोली एका बाजूला, मी खोलीच निवडीन.

त्यावरून औषधांच्या बॅगा. तुमच्या मंडळीत आता आवाहन झालं असेल की घरातली न वापरलेली औषधं आणून द्या. प्लीज थांबव ते. अर्धी कापलेली स्ट्रिप, तिच्यावर ना तारीख ना नाव, खोकल्याची बाटली, कुणाच्या सासऱ्यांच्या हार्टच्या उरलेल्या गोळ्या, हे तिथं नेऊन काय करणार? डब्ल्यूएचओचे औषधदानाचे नियम १९९६ पासून आहेत, त्यात साधी गोष्ट सांगितलीये की जिथं देताय त्यांनी मागितलेलं असावं, त्यांच्या यादीतलं असावं आणि पोचल्यावर किमान वर्षभर एक्स्पायरी शिल्लक हवी. शिवाय औषधं देशात आणायला परवानगी लागते, ती नसेल तर एअरपोर्टवर बॅगा अडकतात आणि मग तिथं सुरू होते ती वेगळीच सेवा. नैरोबीत मेड्स नावाची संस्था आहे, तिथल्या चर्चच्या आरोग्य संघटना आणि कॅथलिक बिशपांनी मिळून १९८६ मध्ये उभी केलेली, मिशन हॉस्पिटलांना औषधं पुरवते, स्वतःची क्वालिटी लॅब आहे. सेंटरला विचारा काय कमी आहे, पैसे पाठवा, ते तिथून मागवतील. म्हणजे बघ, तुझा पैसे पाठवायचा विचार इथं शंभर टक्के बरोबर आहे. बॅगेत नेशील तर बीपी मशीनचे सेल, चांगली बॉलपेनं आणि वाचायचे चष्मे न्यावेत, तेही विचारून.

दुसरं काम म्हणजे वह्या. तिथं पेशंट केसपेपर म्हणून शाळेची वही घेऊन येतो, कव्हरवर नाव, आत सगळा इतिहास, कुणी काय दिलं, कधी ताप आला, सगळं त्यातच. मागच्या टीमा स्वतःची रंगीत कार्डं छापून आणायच्या, पेशंट घरी नेऊन जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी डिस्पेन्सरीत काहीच नोंद नाही. आता नियम असा की जे काय दिलं ते त्याच वहीत, तिथल्या पद्धतीनं, आणि खाली "पुढची तपासणी अमुक तारखेला, इथंच". रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसून नाव, वय, वजन, ताप, वहीत तारीख, एवढं तू करू शकतोस, सुवाच्य अक्षर असेल तर. आमच्यातल्या डॉक्टरांपेक्षा तुझं बरंच असणार.

भाषेची मजा सांगते. स्वाहिलीत औषधाला दवा म्हणतात, गाडीला गारी, चहा चाईच, त्यामुळं पहिल्या दिवशी वाटतं अरे जमतंय की. मग झटका बसतो. तिथं मामा म्हणजे आई. काका म्हणजे भाऊ. आणि दादा म्हणजे बहीण! मी सिस्टर म्हणून गेले ती दादा होऊन आले, माझा नवरा अजून चिडवतो. बायकांना मुलाच्या नावानं हाक मारायची, मामा अमुक, ते आपल्या खेड्यातल्या "बंड्याची आई"सारखंच. गावात घरी लुओ बोलतात, धन्यवादला "एरोकामानो" म्हणायचं, तेवढ्यावर म्हाताऱ्या खूश होतात.

पण फार शहाणपणा नको. आमच्यातल्या एका मुलीनं फोनवरून आकडे पाठ केले, एक ते दहा, आणि फार्मसीच्या खिडकीवर दुभाष्याला बाजूला सारून स्वतः सांगायला लागली. मलेरियाची गोळी, लहान मूल, पुढचा डोस रात्री आठला. आठ म्हणजे नाने, म्हणून ती म्हणाली "सा नाने". आई मान डोलावून निघाली. मागं बसलेली तिथली नर्स ताडकन उठून तिच्या मागं धावली. का, तर स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा, आणि "सा नाने" म्हणजे आठवा तास, आपले दोन. ती आई गोळी दुपारी दोनला देणार होती नाहीतर मध्यरात्री दोनला. ती औषधं म्हणजे तीन दिवसांत सहा डोस, दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी, मग रोज दोनदा, आणि पोटात दूध किंवा तेलकट काहीतरी असलं तर जास्त लागू पडतं. यात तास चुकले म्हणजे खेळ नाही. त्यानंतर आम्ही पुडीवर सूर्य आणि चंद्र काढायला लागलो, आणि घरी जाऊन काय करणार ते पेशंटच्याच तोंडून परत वदवून घ्यायचं. हे वदवून घेणं मी पुण्यातही करते आता, इथं घड्याळ एकच असून लोक काय काय करतात ते तुला ऐकवलं तर हसशील.

प्रार्थनेचं विचारलंयस की पेशंटबरोबर करायची का. माझं मत टीममधल्या सगळ्यांना पटत नाही, तरी सांगते. रजिस्ट्रेशन आणि औषधाची खिडकी यांच्या मधे प्रार्थनेचं टेबल लावायचं नाही. कारण मग माणसाला वाटतं ते टेबल ओलांडल्याशिवाय गोळी मिळणार नाही, आणि त्याचं वाटणं चूक नसतं, आपण रांगच तशी आखलेली असते. एकदा रांगेत एक हिजाब घातलेली बाई होती, टेबलापाशी आल्यावर तिनं मुलाला घट्ट धरलं आणि खाली बघत उभी राहिली. मला तो चेहरा ओळखीचा वाटला, दुसरीकडं कुठंतरी आपलेच लोक तसे उभे राहिलेले मी पाहिलेत. औषध हातात मिळाल्यावर, बाहेर झाडाखाली, ज्याला हवी त्याच्यासाठी प्रार्थना, तिथल्या पाळकांनी करावी. अरे, तो भाग आपल्यापेक्षा जास्त ख्रिस्ती आहे. तू सुवार्ता घेऊन चाललायस असं डोक्यात असेल तर सांगते, रविवारी तिथल्या उपासनेत चार तास उभं राहून दाखव आधी. त्या बायका माझ्या डोक्यावर हात ठेवून माझ्यासाठी प्रार्थना करतात आणि मी रडते, दर वेळी.

माझी आजी मिरजेच्या मिशन दवाखान्यात जन्मली. डॉ. वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १९२८ पर्यंत राहिले, मराठी शिकले, इथल्या पोरांना शिकवून तयार केलं, म्हणून आजही तिकडं वानलेसवाडी म्हणून गाव आहे. घरी "डॉक्टरसाहेब आमच्यासाठी आले" हे ऐकतच आम्ही मोठे झालो. आता गंमत बघ, ते जवळजवळ चाळीस वर्षं राहिले आणि आपण दहा दिवस जाऊन त्यालाही मिशनच म्हणतो. दहा दिवसांत चाळीस वर्षांचं काम होत नाही, तर मग जे तिथं चाळीस वर्षं राहणारेत त्यांचं दहा दिवसांचं काम करून यावं, असा मी माझ्यापुरता हिशोब घातलाय.

फोटोचं एका ओळीत: पेशंटचा फोटो नाही. लहान मुलांचा तर नाहीच. केनियात २०१९ पासून डेटा प्रोटेक्शनचा कायदाही आहे, पण कायदा नसता तरी तुझ्या आईचा बीपी चेक करताना कुणी अनोळखी परदेशी माणसानं फोटो काढून स्टेटसला टाकलेला तुला चालला असता का?

तब्येतीचं मात्र नीट वाच. यलो फीव्हरची लस जायच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत सेंटरलाच, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर. लोक समजतात केनियात शिरताना विचारतील, खरी अडचण परत येताना मुंबईत होते, कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस आयुष्यभर चालते, परत परत घ्यायची नाही. मलेरियाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारून सुरू कर, त्यातली डॉक्सीसायक्लिन असेल तर रोज, आणि परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवायची, घरी आलो आता काय म्हणून बंद करणारेच आजारी पडतात. आमच्यातला एक परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तापानं पडला, फॅमिली डॉक्टर व्हायरल व्हायरल म्हणत राहिले कारण यानं आफ्रिकेहून आलोय हे सांगितलंच नव्हतं. तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरम, म्हणजे सगळ्यात घातक जातीचा असतो, तो वाट बघत नाही. लेकमध्ये पाय बुडवायचे नाहीत, कितीही छान दिसलं तरी, बिलहार्झिया नावाच्या आजाराचे पाण्यातले बारीक जंत कातडीतून शिरतात. आणि स्टोअरमध्ये असलास तरी सुई टोचली वगैरे काही झालं तर लपवायचं नाही, एचआयव्हीची बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. सेंटरला ती ठेवलेली असतात.

व्हिसाऐवजी आता ई-टीए, म्हणजे ऑनलाइन काढायची प्रवासाची परवानगी लागते, २०२४ पासून. तुम्ही जे काम करणार आहात त्याला कुठली परवानगी लागते ते यजमान चर्चकडून लेखी घ्या, फॉर्मवर फिरायला चाललोय असं लिहून जाऊ नका.

तर आता तुझ्या लीडरला एकच निरोप दे. त्या सेंटरच्या क्लिनिकल ऑफिसरनं किंवा नर्सनं स्वतः लिहिलेली, आम्हाला अमुक अमुक मदत हवीये अशी यादी त्यांच्याकडं आहे का? असेल तर तिकीट काढायच्या आधी मला पाठव, मी बघते आणि त्यात तुझ्याजोगं काय आहे ते सांगते. यादी नसेल तर मागवायला लाव, व्हॉट्सॲपवर दोन दिवसांत येईल, तिकडं नेटवर्क आपल्या नंदुरबारपेक्षा बरं आहे.